उताणी सही

१

शाखेतले पंखे नुकते कुठे फिरायला लागले होते. कॅशियर नोटा मोजायचा स्पंज ओला करत होता, मी टोकनं ओळीने लावत होते. तेवढ्यात गादीवाले आत आले, काउंटरपाशी थांबले, इकडेतिकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाले, "माफ करा हं, पण माझ्या खात्यात चोरी झाली आहे."

इतक्या संकोचाने चोरीची तक्रार करणारा माणूस मी त्यानंतर आजवर पाहिलेला नाही. आपल्या हातून दुसऱ्याच्या घरात दूध सांडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

गादीवाले आमचे जुने खातेदार. बँकेच्याच रस्त्यावर, वळणावर त्यांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. त्यांच्या केसांत, भुवयांत, शर्टाच्या खिशात कायम कापूस असायचा. पासबुक उघडलं तरी आतून एखादा पुंजका उडायचाच. कापसाच्या व्यापाऱ्याला त्यांनी दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेला होता. व्यापारी दुकानात येऊन चार लोकांसमोर नाही नाही ते बोलून गेला. तेव्हा कुठे गादीवाल्यांना कळलं की आपल्या खात्यातून मोठी रक्कम आधीच निघून गेली आहे. ती गेली होती त्यांच्या मेहुण्यांना, चेकने.

"आणि त्या चेकवरची सही माझी नाही," गादीवाले आपल्या चपलांकडे बघत म्हणाले.

मी तो चेक शोधून काउंटरवर ठेवला. मॅनेजरसाहेब आपल्या केबिनच्या दारात उभे होते. चष्मा नेहमीप्रमाणे डोक्यावर. तिथूनच ते कडाडले, "अहो, ही काय सही आहे? गादीवर उताणी पडल्यासारखी! आणि शेवटचा आकडा बघा, उलटा वळवलाय! आंधळ्यालाही दिसेल!"

मी नमुन्याच्या सहीचं कार्ड काढलं. गादीवाल्यांची खरी सही ताठ, आखूड, अक्षराला अक्षर घट्ट शिवल्यासारखी. खाली सरळ टाका घातल्यासारखी रेघ. चेकवरची सही मात्र मागे रेलली होती, रेघेचा पत्ता नव्हता आणि शेवटी हुकासारखा एक उलटा आकडा लोंबत होता. दोन्ही सह्यांचं एकमेकींशी दूरचंसुद्धा नातं दिसत नव्हतं.

"पास कोणी केला हा?" मॅनेजरांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"मी," पासिंगच्या खुर्चीतून अक्का म्हणाल्या. "सहीत फरक आहे हे मला दिसलं होतं. म्हणून मी दुकानात फोन केला. गादीवाल्यांनी स्वतः सांगितलं, सही माझीच आहे, पैसे द्या."

आम्ही सगळे गादीवाल्यांकडे वळलो. त्यांनी खिशातला कापूस काढला, त्याची गोळी केली, ती पुन्हा खिशात ठेवली.

"मला असा कुठलाच फोन आला नव्हता," ते म्हणाले.

२

अक्का आमच्या शाखेतल्या पहिल्या बाई, ज्यांना चेक पास करायचा अधिकार मिळाला. नुसती परीक्षा देऊन तो मिळाला नव्हता. त्यांच्या मागून नोकरीला लागलेले पुरुष एकेक करून त्या उंच खुर्चीत बसून गेले आणि अक्का टपालाच्या टेबलावर पाकिटं चिकटवत राहिल्या. अखेर परतसाहेब निवृत्त झाले. शंका आली की चेक परत, शंका नाही आली तरी विचार करून परत, म्हणून त्यांचं नाव परतसाहेब. ते गेले आणि पर्यायच उरला नाही, तेव्हा अक्कांना खुर्ची मिळाली.

आता ती जाणार होती. मॅनेजरांनी त्याच दिवशी मुख्य कचेरीला लिहिलं. अक्कांना परत टपालावर पाठवावं, आणि यापुढे या शाखेत बाईमाणसाला पासिंग देऊ नये. हे दुसरं वाक्य त्यांनी मला वाचूनही दाखवलं, स्पेलिंग तपासायला. मी शाखेत सगळ्यांत लहान, म्हणून मला सगळे 'धाकटी' म्हणत. त्या खुर्चीकडे माझाही डोळा होताच. स्पेलिंग बरोबर होतं.

मुख्य कचेरीने आपला कायदा अधिकारी पाठवला. आम्ही कोटबिट घातलेला, भेदक नजरेचा माणूस येईल म्हणून तयारीत होतो. आला तो एक गोलमटोल गृहस्थ, गळ्याभोवती मफलर, नाक लाल, दोन्ही हातांत दोन रुमाल.

"गरम पाणी मिळेल का?" हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य शिंकेत गेलं.

मॅनेजर म्हणाले, "साहेब, प्रकरण सरळ आहे. दोन ओळींचा अहवाल लिहा आणि घरी जाऊन आराम करा."

"कायदाही सरळच आहे," कायदेसाहेब पाण्याची वाफ नाकात घेत म्हणाले. "बँकेकडे ठेवलेल्या पैशाला खातेदाराच्या हुकमाशिवाय हात लावायचा नाही. चेक म्हणजे तो हुकूम आणि सही म्हणजे त्या हुकमाचा जीव. सही खोटी तर हुकूमच नाही. मग बँकेने जे दिलं ते स्वतःच्या खिशातून दिलं, खातेदाराच्या नाही."

"म्हणजे अक्कांच्या चुकीमुळे बँकेच्या खिशातून."

"सही खोटी असेल तर," कायदेसाहेब म्हणाले आणि त्यांनी अक्कांना बोलावलं.

"बाई, फरक एवढा ढळढळीत होता, मग चेक सरळ परत का नाही केलात?"

"चेकबुक त्यांचंच होतं. बाकीचं अक्षर त्यांच्या हिशेबनिसाचं, रोजच्या पाहण्यातलं. माणसाचा हात दुखत असतो, घाई असते. चेक खरा निघाला आणि मी उगाच परत केला, तर बाजारात त्यांची पत जाते. ती सांभाळणं हेही आपलंच काम ना?"

"अगदी." कायदेसाहेबांना हे उत्तर आवडलेलं दिसलं. "पण मग फोनची नोंद कुठे आहे?"

"केली नाही. पलीकडून ते इतक्या जोरात ओरडत होते की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरावा लागला. ठेवला तेव्हा डोकं भणभणत होतं. राहून गेली."

"ही चूक आहे."

"आहे," अक्का म्हणाल्या. "पण फोन केला होता. तुम्ही विचारा नाहीतर विचारू नका, मी दुसरं काही सांगणार नाही."

मॅनेजर हसले. "फोन काय, मीही म्हणेन की मी सकाळी पंतप्रधानांना केला होता."

अक्का बाहेर गेल्या. त्यांनी टेबलाच्या खणातून आपली उशी काढली. खुर्ची उंच म्हणून पाठीशी घ्यायला घरून आणलेली. ती त्यांनी पिशवीत भरायला सुरुवात केली.

"इतक्यात नको," कायदेसाहेब दारातून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "धाकट्या बाई, फाइल घ्या. गादी बघायला जाऊ."

३

गादीवाल्यांच्या दुकानात पाऊल टाकताच कायदेसाहेबांना ज्या शिंका लागल्या, त्या थांबेपर्यंत मी सगळं दुकान बघून घेतलं. मागच्या बाजूला कापूस पिंजायचं यंत्र घरघरत होतं. त्या आवाजात सगळेच जण ओरडून बोलत होते. भिंतीशी गाद्यांच्या थप्प्या, आणि त्या थप्प्यांमधून चार लाकडी घोडे डोकावत होते. लाल, निळे, सोनेरी आयाळीचे.

"हे काय?" मी ओरडले.

"गोल फिरणारा पाळणा!" पुढच्या मांडलेल्या गादीवरून एक आवाज आला. "घोडे आलेत, पाळणा यायचाय!"

हे मेहुणे. विक्रीच्या गादीवर पडल्या पडल्याच त्यांनी आम्हाला बसायची खूण केली.

कायदेसाहेब आधी हिशेबनिसाकडे गेले. त्यांनी तीनदा प्रश्न विचारला तरी हिशेबनीस शांतपणे बेरीज करत राहिला. शेवटी त्याने दोन्ही कानांतून कापसाचे बोळे काढले.

"यंत्राने कान किटतात हो. काय म्हणालात? हो, चेक मीच लिहिला. मालकांनी सांगितलं, मेहुण्यांच्या नावाने लिही, म्हणून. सही करणं माझं काम नाही. फोन? मला कसा ऐकू येणार?" असं म्हणून त्याने बोळे परत घातले.

मग मेहुणे. ते उठून बसले, पण गादी काही सोडली नाही.

"तुमच्या बँकेचा माझ्यावर दात आहे," ते म्हणाले. "मी बदकं पाळायची काढली, दाजींनी तेव्हाच्या तेव्हा चेक दिला, बँकेने परत पाठवला. का, तर म्हणे सही जुळत नाही! घडीच्या छत्र्यांच्या वेळी तेच. दाजी बिचारे इतके हळहळले! म्हणाले, मी काय करू, बँकवाले माझं ऐकतच नाहीत. या वेळी एकदाचे पैसे मिळाले, तर आता तुम्ही चौकशीला हजर."

"तुम्ही रोज इथेच झोपता?"

"दुपारचा. म्हणजे गिऱ्हाइकाला कळतं, गादी किती चांगली आहे."

"मग फोन आला की जाग येत असेल."

"येते ना. यंत्रामुळे दाजींना ओरडावं लागतं. 'हो हो! चालेल चालेल!' दुसरं काही ते फोनवर बोललेले मी ऐकलेले नाहीत. मग मी कूस बदलतो."

"बँकेतून फोन आला होता का एकदा?"

"कुठून येतो ते मला काय माहीत? हो हो, चालेल चालेल, एवढंच. रोजचंच आहे."

शेवटी गादीवाले. कायदेसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि प्रेमाने ओरडले, "तुमचे पैसे परत मिळणार!"

गादीवाल्यांचा चेहरा उजळला.

"आजच्या आज! कायदाच आहे तसा! फक्त सही खोटी केली म्हणून पोलिसांत तक्रार द्यायची! मेहुण्यांच्या नावाने देऊ या का हिशेबनिसाच्या?"

गादीवाल्यांचा चेहरा कापसाच्या रंगाचा झाला. "पोलीस कशाला मध्ये? मेहुणे तसे नाहीत हो. हिशेबनीस तर देवमाणूस आहे. घरातही कोणी असं नाही. कोणीच नाही!"

"कोणीच नाही, तर सही केली कोणी?"

नेमकं तेव्हाच मागे यंत्र बंद पडलं. अचानक झालेल्या शांततेत, ओरडायची सवय न मोडता, गादीवाले किंचाळले, "बँकेनेच केली असेल!"

रस्त्यावरचे लोक थांबून आत बघायला लागले.

४

बँकेकडे परतताना कायदेसाहेब मध्येच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मला वाटलं, दम लागला. पण आपल्या अंगावरचा कापूस झटकता झटकता ते विचार करत होते.

"धाकट्या बाई, तुम्हाला माझी सही खोटी करायची असेल तर काय कराल?"

"आधी तुमची खरी सही मिळवीन आणि गिरवीन."

"का?"

"जुळायला नको का?"

"नको का!" ते खुश झाले. "इथे हिशेबनीस आपल्या मालकाची सही रोज बघतो. झोपेतसुद्धा बरी नक्कल करील. मेहुण्यांकडे बँकेने परत पाठवलेले चेक आहेत. त्यांना हे पक्कं ठाऊक आहे की असल्या सहीवर पैसे मिळत नाहीत. मग कोणता शहाणा चोर पुन्हा तीच किल्ली त्याच कुलपाला लावील? या सहीत नक्कल करायचा प्रयत्नच नाही. उलट..." ते थांबले.

"उलट काय?"

"ती जुळू नये म्हणून केल्यासारखी आहे."

मला काही कळलं नाही आणि मी तसं सांगितलं.

"मलाही अर्धंच कळलंय. दुसरी गोष्ट बघा. चोरी झाली म्हणून माणूस येतो, पण चोर कोणी नको म्हणतो. मेहुण्यांचे चेक आधीही असेच परत गेले. कोणी आपल्या नावाने खोट्या सह्या करतंय हे खातेदाराला कळलं की बँकेला सांगणं हे त्याचंही कर्तव्य असतं. यांनी कधी तोंड उघडलं?"

"मी टोकनांवर असते. माझ्या कानावर तरी कधी आलं नाही."

"पण हे सगळं माझ्या डोक्यात आहे, हातात काही नाही. गादीवाले म्हणतील सही माझी नाही. कोर्टात कार्ड दाखवतील. दोन सह्या जुळत नाहीत, संपलं. मेहुणे आणि हिशेबनीस यांच्यावरच संशय, त्यांचा शब्द कोण धरणार? गादीवाल्यांना ती सही करताना पाहिलेला बाहेरचा कोणी तरी हवा. आणि तो मिळाला नाही तर तुमच्या अक्का पाकिटं चिकटवणार." त्यांनी रुमाल बदलला. "तक्रार आली ती सकाळ मला पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

मी सांगितलं. पंखे, स्पंज, टोकनं, संकोच, आणि मग मॅनेजरसाहेब दारातून काय कडाडले ते जसंच्या तसं.

"शेवटचा आकडा उलटा, असं म्हणाले? दारातून?"

"हो."

"चेक कुठे होता?"

"काउंटरच्या या टोकाला, माझ्यापाशी."

"आणि चष्मा?"

"डोक्यावर. तो डोळ्यांवर आला की आम्हाला ते ओळखू येत नाहीत."

कायदेसाहेब उभे राहिले. शिंक आली होती, ती ते द्यायची विसरले.

५

केबिनमध्ये आम्ही सहा माणसं कशीबशी मावलो. मॅनेजर खुर्चीत, समोर गादीवाले, त्यांच्याशेजारी मेहुणे. अक्का भिंतीशी उभ्या. मी फाइल धरून दारात. कायदेसाहेबांनी दार लोटलं.

"मॅनेजरसाहेब, त्या कॅलेंडरवर चित्र कशाचं आहे?"

चष्मा डोक्यावर होता. मॅनेजरांनी डोळे बारीक केले. "हत्ती."

"जहाज आहे, दाजी," मेहुणे कुजबुजले.

"कालच बदललं असेल," मॅनेजर म्हणाले.

"असेल. पण ज्याला पाच पावलांवरचं जहाज हत्ती दिसतं, त्याला दारातून काउंटरवरच्या सहीचा आकडा उलटा वळलेला कसा दिसला?"

मॅनेजरांनी चष्मा डोक्यावरून काढून टेबलावर ठेवला.

"तो तुम्हाला दिसला नाही, साहेब. आठवला. 'मेहुण्यांच्या नावाचा चेक, सही माझी नाही' एवढं कानावर पडल्याबरोबर तुम्हाला ती सही आठवली, कारण ती तुम्ही आधी जवळून पाहिली आहे. मेहुण्यांचे चेक परतसाहेब परस्पर परत पाठवत, ते तुमच्याकडे येत नसत. मग तुम्ही पाहिली ती दुसऱ्याच कुठल्या तरी चेकवर."

मॅनेजरांचा हात नकळत टेबलाच्या खालच्या खणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"खण तुमचा आहे," कायदेसाहेब शांतपणे म्हणाले. "मी उघडणार नाही. तुम्ही म्हणालात आत काही नाही, तर काही नाही. मग ही सही खोटी ठरते, बँक पैसे भरते आणि अक्का टपालावर जातात. खण उघडलात तर तुम्हाला थोडं लाजावं लागेल. निवड तुमची."

मॅनेजर वाईट माणूस नव्हते. वाईट नसलेल्या माणसाला अशा वेळी जास्त त्रास होतो. ते कपाळ पुसत राहिले. गादीवाल्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तेव्हा भिंतीपाशी उभ्या अक्का म्हणाल्या, "साहेब, वहिनींच्या गाण्याच्या कार्यक्रमाचंच आहे ना ते? वर्गणीचं? मी आले होते कार्यक्रमाला."

मॅनेजरांनी मान वर केली. "तुम्ही? मध्यंतरापर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत!" मॅनेजरांचा आवाज बदलला. "अहो, शेवटपर्यंत तर मीसुद्धा..." आणि त्यांनी खण उघडला.

आत सगळ्यांत खाली एक चेक होता, त्याला परतीची चिठ्ठी टाचलेली. सही जुळत नाही. चेक मॅनेजरांच्या सौभाग्यवतींच्या गायन मंडळाच्या नावाने, आणि त्यावर मागे रेललेली, बिनरेघेची, उलट्या आकड्याची सही.

"बँकेच्या खातेदारांकडे वर्गणी मागायची नाही असा नियम आहे," मॅनेजर टेबलाशी बोलल्यासारखे म्हणाले. "पण घरात ऐकतं कोण? मी दुकानात गेलो. यांनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. हसत हसत. चेक परत आल्यावर मी कोणाला काय सांगणार? परतसाहेबांनी गुपचूप माझ्या हातात ठेवला. मला वाटलं, घाईत चुकली असेल सही."

कायदेसाहेबांनी दोन्ही चेक शेजारी शेजारी ठेवले. दोन सह्या एकाच गादीवर झोपलेल्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

"डोळे उघडा, गादीवाले," ते म्हणाले.

६

"मला तोंडावर नाही म्हणता येत नाही," गादीवाले म्हणाले. एकदा सुरुवात झाल्यावर मात्र ते थांबेचनात. "लहानपणापासूनच. कोणी मागितलं की माझी जीभ आपोआप हो म्हणते. लग्नाला हो म्हटलं तेही तसंच. ते बरं निघालं. पण वर्गण्या, देणग्या, उसने, हातउसने! एकदा खरंच घाईत सही वाकडी गेली आणि तुमच्या परतसाहेबांनी चेक परत केला. मागणारा येऊन मलाच म्हणाला, जाऊ द्या हो, तुमचा काय दोष! तेव्हा मला वाटलं, देवच पावला. त्यानंतर द्यायचे त्यांना ताठ सही, नाही द्यायचे त्यांना उताणी. कोणी दुखावत नव्हतं. सगळे बँकेला शिव्या देत होते."

"आणि परतसाहेब निवृत्त झाले," कायदेसाहेब म्हणाले.

"मला कोणी कळवलंसुद्धा नाही!" गादीवाल्यांच्या आवाजात खरी तक्रार होती.

"आणि अक्कांचा फोन?"

गादीवाल्यांनी अक्कांकडे पाहिलं, पहिल्यांदाच. "आला होता. बाईंनी विचारलं, ही सही तुमचीच का? मेहुणे समोरच्या गादीवर पडलेले. यंत्र चालू, ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. आता 'ती सही माझी नाही, पैसे देऊ नका' हे मी मेहुण्यांच्या कानाशी कसं ओरडू? मी म्हटलं, हो हो, चालेल चालेल. मग कापसाचा चेक परत गेला, व्यापारी अंगावर आला, आणि मला काही सुचेना. वाटलं, बँक मोठी आहे. बँकेला काय कमी आहे? बाईंचं काय होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाई, माफ करा."

"आता ऐका," कायदेसाहेब म्हणाले. "सही उताणी असो, पालथी असो, ती तुम्ही केली, तर हुकूम तुमचाच. खोट्या सहीवर पैसे द्यायचे नाहीत हे जसं बँकेचं कर्तव्य, तसंच खऱ्या चेकचे पैसे अडवायचे नाहीत हेही. शंका आली, बाईंनी तुम्हालाच विचारलं, तुम्ही हो म्हणालात, त्या तुमच्या शब्दावर विसंबल्या. त्यानंतर तुम्हाला फिरता येत नाही. बँक एक पैसा देणं लागत नाही. आणि अक्कांनी फोनची नोंद केली नाही, याबद्दल मी त्यांना एक ओळ लिहिणार आहे. खुर्चीत राहण्याबद्दल दुसरी."

इतका वेळ मेहुणे ते दोन चेक निरखत होते. आता ते उठले. आम्हाला वाटलं, आता काहीतरी फुटणार.

"दाजी, म्हणजे बदकांना पैसे द्यायचे नव्हते?"

"नव्हते."

"छत्र्यांना?"

"नाही."

"आणि घोडे?"

गादीवाल्यांनी मोठा श्वास घेतला. "घोडे तर मुळीच नाही!"

बाहेर काउंटरवरचे लोकसुद्धा दचकले. मेहुणे मात्र धपकन खुर्चीत बसले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, मग सांगायचं ना! मला तरी कुठे हौस होती? मी आपलं सहज बोलून जायचो, एक धंदा आहे म्हणून. तुम्ही लगेच इतक्या उत्साहाने चेकबुक काढायचात की मला वाटायचं, तुमचीच इच्छा आहे. तुमचं मन मोडवेना! बदकांना तर मी भितो हो!"

 मग घोडे कोणाला आणि कसे विकायचे यावर त्यांचं तिथेच कडाक्याचं भांडण जुंपलं. आयुष्यातलं पहिलंच असावं. दोघांनाही ते फार आवडलेलं दिसत होतं. कायदेसाहेबांनी त्यांना हळूच बाहेर काढून दिलं.

त्यांनी अहवाल आमच्याच टेबलावर लिहिला, माझ्याकडून गरम पाणी मागवत मागवत. मॅनेजरांनी आपलं आधीचं पत्र मागे घेतल्याचं दुसरं पत्र लिहिलं. ते पाकिटात घालायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच चिकटवलं, वाकडं. अक्कांनी पिशवीतली उशी काढून पाठीशी घेतली आणि तुंबलेल्या चेकांचा गठ्ठा पुढे ओढला. काउंटरवर रांग लागली होती, आणि रांगेतल्या लोकांना झाल्या प्रकाराशी काही देणंघेणं नव्हतं.

संध्याकाळी बँक बंद होताना मॅनेजर अक्कांच्या टेबलापाशी आले. दिवसभर ते कशासाठी तरी मनाची तयारी करत असावेत.

"अक्का, ती खुर्ची तुमचीच. मी वर तसं कळवलंय. मागे जे बोललो ते... असो." ते घुटमळले. मग चेहरा खुलला. "आणि हो, मंडळींचा पुढचा कार्यक्रम ठरलाय. या वेळी दोन मध्यंतरं आहेत. तुम्ही शेवटपर्यंत बसणाऱ्या एकट्या. पहिल्या रांगेत जागा ठेवतो. याल ना?"

कॅशियरची नोटा मोजणारी बोटं थांबली. मी टोकनांच्या आडून पाहत होते. अक्कांनी चेकवरची नजर उचलली आणि मॅनेजरांकडे बघून, फार गोड हसून सांगितलं,

"नाही."

आणि शिक्का मारून पुढचा चेक घेतला.